मामगी: माझी वेल्श घरमालकीण, आणि थोडी गुरूही

गवताळ

परवा कपाट आवरताना जुन्या पासपोर्टच्या पाकिटातून लोकरीचा एक दोरा निघाला. मळकट पांढरा, हातभर लांब, एका टोकाला गाठ. नवरा म्हणाला, "टाकू?" मी अशी काही ओरडले की बिचारा दोन पावलं मागे सरला. त्याला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. (धाग्यावर धागा काढतेय, कळतंय मला.)

२००७ साली मी वेल्समध्ये अ‍ॅबरिस्टविथला गवत शिकायला गेले. हो, गवतच. तिथे १९१९ पासून गवताच्या जाती तयार करायचं काम चालतं. "मुलगी गवतावर पीएचडी करतेय" हे आईला नातेवाइकांत सांगायला इतकं जड जायचं की ती नुसतं "शेतकी" म्हणून विषय बदलायची. शहरातलं भाडं परवडेना, तेव्हा विभागातल्या एका बाईंनी ट्रेगॅरन गावाच्या अलीकडच्या एका शेतघरातली खोली सुचवली. "मालकीण जरा वेगळी आहे," एवढंच म्हणाल्या.

मालकीण दारात उभी होती. वय चौऱ्याहत्तर. डाव्या पायात हिरवा गमबूट, उजव्या पायात काळा. माझी नजर गेलेली पाहून म्हणाली, "डावा जास्त भिजतो." पुढची चार वर्षं यापलीकडे खुलासा मिळाला नाही.

दक्षिण आणि मध्य वेल्समध्ये आजीला 'मामगी' म्हणतात. हिला ना मूल ना नातवंड. पण मी पहिल्याच आठवड्यात दुकानात तो शब्द ऐकला, मामी आणि आजी एकत्र कालवल्यासारखा वाटला, आणि घरी येऊन तिला तशीच हाक मारली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "किटली ठेव." परवानगी मिळाली असं मी धरलं. वेल्शमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे, 'ती' आणि 'ख्वी'. पहिला हिवाळा संपेपर्यंत ख्वी चाललं. नंतर तिनेच बजावलं की ज्या माणसाने माझं गोठलेलं नळकांडं केस वाळवायच्या यंत्राने सोडवलं, त्याने मला ख्वी म्हणू नये. म्हणून इथेही एकेरीतच लिहिते.

तर मामगी मंत्र-औषधं करायची. स्वतःला 'विच' म्हणवून घ्यायची नाही. त्या शब्दावर तिचं म्हणणं होतं की तो लोकांनी दुसऱ्याला लावायचा शब्द आहे, स्वतःला लावायचा नाही. तिचा शब्द 'स्विन'. मंत्र, उतारा, ताईत, सगळं त्यात येतं. आणि जुन्या काळी जे करणारे होते त्यांना म्हणायचे 'दीन हस्बिस', म्हणजे जाणता माणूस. आपल्याकडे गावात 'जाणता' म्हणतात, अगदी तोच अर्थ.

शिकवायची तिची रीत सांगते. फी पैशात नाही. एका गोष्टीला एक मराठी शब्द. शब्द सांगायचा, अर्थ सांगायचा, आणि ती तो खडूने कोठीघराच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहायची. पहिल्या दिवशी मी 'दात' दिला, कारण माझी दाढ दुखत होती. ती थबकली. वेल्शमध्ये दाताला 'दान्त'. मग मी नऊ म्हटलं, तिकडे 'नाऊ'. मध म्हटलं, तर मधाच्या दारूला 'मेद'. त्या रात्री अकरापर्यंत आम्ही दारासमोर उभ्या होतो. दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की जुळणारे शब्द फी म्हणून चालणार नाहीत, ते आधीच तिच्या मालकीचे आहेत.

दारावर शब्दापुढे एक अक्षर असायचं. 'एच' म्हणजे हेन, जुनं. 'एन' म्हणजे नेवीद, नवं. ही खूण ती सगळ्यालाच करायची. औषधाच्या वहीत, सणांच्या यादीत, दिनदर्शिकेवर. कुठलीही गोष्ट शिकवताना आधी हेन की नेवीद ते सांगायची. तिच्या धंद्यातली इतर मंडळी सगळंच पाच हजार वर्षांचं म्हणून विकतात, त्यांचा तिला मनस्वी तिटकारा. वर्षाचं आठ सणांचं चक्र? नेवीद. १९५० च्या दशकात इंग्लंडातल्या लोकांनी बसून जुळवलेलं. मारी लुइड, म्हणजे घोड्याची कवटी काठीवर लावून नाताळ-नववर्षाच्या दिवसांत दारोदार नाचवतात ती? तिच्यापुढे तिने लिहिलं होतं, "१८००". त्या साली पहिल्यांदा कागदावर आली. "पुढचं माहीत आहे. मागचं कुणी सांगायला लागलं तर चहा संपव आणि निघ."

आणि नवं म्हणजे टाकाऊ असं मुळीच नाही. नव्या गोष्टीही ती तितक्याच निष्ठेने करायची. फक्त खूण चुकवायची नाही.

दोऱ्याचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. भाताचा कुकर झालाय.

खडीसाखर

वा! कुकर उतरवून लवकर या. वेगवेगळे गमबूट फार आवडले. माझी आत्या दोन वेगळ्या चपला घालायची, पण ती विसरभोळी होती.

अनुस्वार

शब्दांबद्दल: हे योगायोगाने जुळलेले नाहीत. सर विल्यम जोन्स, ज्याने १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळाच्या असाव्यात असं मांडलं, त्याचे वडील अँगलसीचे, म्हणजे वेल्शच. त्याच भाषणात त्याने केल्टिकचंही (वेल्श याच गटातली) मूळ तेच असावं असं म्हटलं होतं. मामगीच्या कोठीघराच्या दाराला बरीच मोठी परंपरा आहे म्हणायची. वेल्शमध्ये तीनला 'त्री', सातला 'साइथ', नावाला 'एनु', आणि मेलेल्याला 'मारु'. हे शब्द फी म्हणून बाद.

गवताळ

@अनुस्वार, 'मारु' चा प्रयत्न केला होता. बाद झाला. 'चकली' मात्र घेतला, आणि त्याच्यासाठी मला रोवन नावाच्या झाडाची डहाळी दारावर कशी बांधायची ते शिकायला मिळालं. फायद्यात राहिले.

आता दोरा. तिकडे एक दुखणं आहे, त्याला 'लोकरीच्या दोऱ्याचं दुखणं' असंच म्हणतात. मन उतरणं, जेवण न जाणं, अंगात त्राण नसणं, कधी कावीळही त्यात धरतात. उपाय करणारा माणूस लोकरीचा दोरा घेतो आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापतो. तीनदा. दोरा बोटाच्या टोकापर्यंत पोचला तर ठीक. आखूड पडला तर दुखणं आहे. मग तो दोरा गळ्यात बांधायचा आणि केशर घातलेली बिअर प्यायची. केरेडिगिऑन भागात हे विसाव्या शतकातही चालू होतं. वहीत पुढे 'एच'.

माझ्यासमोर झालं ते असं. पलीकडच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ आला, साठीचा, बायको गेलेली. दारात उभा राहून पावसाबद्दल बोलत राहिला. मामगीने त्याला आत बसवलं, मोजमाप सुरू केलं. मी चुलीशी उभी राहून बघत होते. पहिल्यांदा दोरा बोटाच्या नखाला लागला. दुसऱ्यांदा नखाच्या अलीकडे. तिसऱ्यांदा पेरभर आखूड. त्या माणसाने डोळे मिटले आणि रडायला लागला. आवाज न करता, टोपी मांडीवर धरून. बायको गेल्यावर पहिल्यांदाच रडला असावा, असं ती नंतर म्हणाली.

केशर तिच्याकडे संपलेलं. माझ्या आईने श्रीखंडासाठी दिलेली एक ग्रॅमची डबी होती, तीतलं गेलं. बिअरमध्ये. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही.

तो बाहेर ओट्यावर बूट चढवत होता तेवढ्यात मामगी आतल्या फोनवर होती. डॉक्टरकडे. "उद्या येईल तुमच्याकडे, मी सांगितलंय म्हणून येईल, त्याला परत पाठवू नका." आणि त्याला बजावलं होतं की दर आठवड्याला येऊन दोरा मापून घ्यायचा, आणि चालत यायचं, गाडीने नाही. दोन टेकड्या मध्ये.

मी रात्री विचारलं, तिसऱ्या वेळी कोपर जरा मागे सरकवलं होतंस का? ती म्हणाली, "त्या प्रश्नाची फी तीन शब्द." मी दिले नाहीत. का दिले नाहीत ते मला अजून कळलेलं नाही.

प्रश्नचिन्ह

लेखन चांगलं आहे, पण गोड वाटून घ्यायला मला त्रास होतोय. आपल्याकडे कावीळ उतरवणारे आहेत. चुन्याच्या पाण्यात हात धुतला की पाणी पिवळं होतं, रोगी खूश, आणि यकृत तसंच. माझ्या सख्ख्या मामाने असेच दोन महिने घालवले. आपल्या राज्यात बायकांना चेटकीण ठरवून मारलंय. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून डॉ. दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि २०१३ मध्ये त्यांचा खून झाल्यावर तो आला. लोकरीचा दोरा पुण्याच्या कपाटातून काढला की गोड दिसतो, एवढंच.

खडीसाखर

@प्रश्नचिन्ह, ती डॉक्टरला फोन करत होती ना पण.

प्रश्नचिन्ह

ही करत होती. पुढची करेल याची हमी काय?

गवताळ

@प्रश्नचिन्ह, हमी काही नाही. मामांबद्दल वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मी खोडणार नाही, कारण मामगीचाही तोच होता. तिच्या वहीतल्या पहिल्या पानावर एका बाईचं नाव होतं: ग्वेन वेर्ख एलिस. सूत कातून कापड विणणारी, माणसांना आणि गुरांना मलम देणारी, मंत्र घालणारी. १५९४ मध्ये तिला डेनबी इथे फाशी दिलं. ग्लोदाइथ नावाच्या वाड्यात एक मंत्र सापडला, उलटा लिहिलेला. उलटा म्हणजे वाईटासाठी. वाडा थॉमस मॉस्टिन या बड्या असामीचा. वेल्समध्ये जादूटोण्यासाठी फाशी गेलेली ती पहिली. सगळ्या वेल्समध्ये मिळून पाचच जण फाशी गेले, इंग्लंड-स्कॉटलंडच्या मानाने काहीच नाही. मी एकदा मोठ्या शहाणपणाने "फक्त पाच" म्हणाले. मामगीने मला पाचही नावं पाठ करायला लावली. त्यातले तिघे १६२२ मधले, कार्नारव्हनचे, एकाच कुटुंबातले, भाऊ आणि बहिणी. दिवसभर पाठ करत गवत कापलं.

म्हणून म्हटलं, 'विच' हा शब्द तिला का नको होता. टोप्या घालून तो शब्द मिरवणाऱ्या पर्यटकांवर ती हंस सोडायची. हे अलंकारिक नाही. तिच्याकडे सहा हंस होते, पांढरे, भांडकुदळ, सरस्वतीशी काडीचा संबंध नसलेले.

तांबडी_माती

मारी लुइडबद्दल अजून सांगा ना. आमच्याकडे नाशिक भागात बोहाड्यात सोंगं नाचतात, मुखवटे घालून. तसंच का?

कार्डिफकर

मी सांगतो, इथे बारा वर्षं आहे. घोड्याची खरी कवटी, खालच्या जबड्याला दोरी, वरून पांढरी चादर, आत माणूस. दोरी ओढली की जबडा खटखट वाजतो. पोरं किंचाळतात. दाराशी आल्यावर बाहेरचे गाण्यात सवाल टाकतात, आतल्यांनी गाण्यातच जवाब द्यायचा. याला 'पुंको' म्हणतात. आतले हरले की घोडी घरात, आणि खाणंपिणं तिच्या टोळक्याला. थोडक्यात कलगी-तुरा, पण घोड्याच्या कवटीसकट आणि जानेवारीच्या थंडीत. लांगीनविद या गावात परंपरा टिकून आहे.

धागाकर्तीला एक प्रश्न. वेल्श वेड्या गुरूंचा विषय निघालाच आहे तर लांट्रिसंटच्या डॉ. विल्यम प्राइसबद्दल मामगी काय म्हणायची? गावच्या चौकात पुतळा आहे त्याचा, कोल्ह्याचं कातडं डोक्यावर घातलेला.

गवताळ

@कार्डिफकर, त्याच्याबद्दल ती आदराने बोलायची, आणि ती फारशी कुणाबद्दल आदराने बोलायची नाही. तुम्हीच लिहा, तुमच्या गावाजवळचा आहे.

कार्डिफकर

बरं, थोडक्यात. प्राइस (१८००-१८९३) शिकलेला सर्जन. कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीत होता, १८३९ चा उठाव फसल्यावर बाईचा वेष घेऊन फ्रान्सला पळाला अशी आख्यायिका. परत आला तो स्वतःला ड्रुइड, म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या काळातला केल्टिक पुजारी, मानूनच. शाकाहारी. मोजे घालत नसे. विडी ओढणाऱ्या रोग्याला औषध देत नसे. ऐंशी ओलांडल्यावर त्याला मुलगा झाला, नाव ठेवलं येसू ग्रिस्त, म्हणजे येशू ख्रिस्त. पोर पाच महिन्यांचं होऊन गेलं. १३ जानेवारी १८८४, रविवारची संध्याकाळ. याने टेकडीवर नेऊन त्याला अग्नी दिला. लोक चॅपलमधून घरी निघालेले, त्यांना ज्वाळा दिसल्या. जमावाने अर्धवट जळलेलं शव बाहेर ओढलं, प्राइसला अटक.

आता आपल्या कामाची गोष्ट. खटला कार्डिफला चालला. न्यायाधीश सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. हा माणूस त्याआधी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता. आपला १८७२ चा पुरावा कायदा त्याने लिहिलेला, जो अगदी २०२४ पर्यंत चालू होता. त्याने निकाल दिला की प्रेत जाळणं हा गुन्हा नाही, दुसऱ्यांना उपद्रव होत नसला म्हणजे झालं. प्राइस सुटला, आणि मार्चमध्ये त्याने मुलाचं दहन पुरं केलं. पुढे १९०२ मध्ये दहनाचा कायदा आला. माझ्या सासऱ्यांना २०१९ मध्ये इथे अग्नी दिला तेव्हा भटजींच्या आधी मला प्राइस आठवला.

पेठेतला

च्यायला, पुरावा कायदा आणि कोल्ह्याचं कातडं एका खटल्यात! वकिलीची तीन वर्षं हे कुणी शिकवलं नाही.

गवताळ

मस्त लिहिलंत. मामगी वर एवढंच म्हणायची की प्राइस वेडा होता, पण त्याने जे केलं ते स्वतःच्या शेतात आणि उघड्यावर केलं.

तिचा आवडता चोर मात्र दुसरा. योलो मोर्गानुग (१७४७-१८२६). दगड घडवणारा गवंडी, अफूच्या अर्काचा व्यसनी, आणि वेल्श साहित्यातला सर्वांत थोर भामटा. मध्ययुगीन कवीच्या नावावर स्वतःच्या कविता खपवल्या, आणि इतक्या चांगल्या की शंभर वर्षांनी, १९२० च्या दशकात ती लबाडी पुरती उघड झाली. २१ जून १७९२ ला लंडनच्या प्रिमरोझ हिलवर दगड मांडून त्याने ड्रुइड भाटांची सभा भरवली, प्राचीन म्हणून. आज वेल्सच्या राष्ट्रीय आइस्टेडव्हॉड संमेलनात पांढऱ्या-निळ्या-हिरव्या झग्यांत जो सोहळा होतो तो याचाच. त्याचं ब्रीदवाक्य, "जगाविरुद्ध सत्य". मामगी हे वाक्य म्हणताना दरवेळी हसून खोकला काढायची.

पण याच माणसाने काउब्रिजमध्ये दुकान काढलं आणि गुलामांच्या घामाची वेस्ट इंडीजची साखर ठेवायला नकार दिला. हिंदुस्थानातून येणारी साखर विकली, मानवी रक्ताचा डाग नसलेली म्हणून. त्याचे भाऊ जमैकात गुलाम बाळगून होते. मामगी म्हणायची, "साखरेत खरा, कवितेत खोटा. उलटं असतं तर आज कुणाला आठवला असता?" त्याच्या नावापुढे तिने एच-एन दोन्ही लिहून मधे रेघ मारली होती.

खडीसाखर

तिने हे सगळं कुठे शिकलं? म्हणजे तिचे गुरू?

गवताळ

इथे गंमत आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी ती लंडनमध्ये टंकलेखिका होती. तेव्हा जादूटोण्याची लाटच होती. १९५१ मध्ये जुना कायदा रद्द झाला, १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनरचं जादूटोण्यावरचं पुस्तक आलं, मग अ‍ॅलेक्स सँडर्स नावाचा माणूस 'जादूगारांचा राजा' म्हणून वर्तमानपत्रांत झळकायला लागला. सँडर्स सांगायचा की वेल्श आजीने आपल्याला सात वर्षांचा असताना दीक्षा दिली. अभ्यासकांनी ते फारसं मानलेलं नाही. मामगी एका मंडळात दोन वर्षं गेली. सोडलं का, तर एक, सगळं इंग्रजीत चालायचं. तिची भाषांची वाटणी ठाम होती: झाडं, जनावरं आणि मेलेली माणसं यांच्याशी वेल्श. इंग्रजी फक्त आयकर खात्याशी आणि बॉयलरशी. दोन, तिथे प्रत्येकालाच एक आजी होती. "बारा जणांत अकरा वेल्श आज्या. माझी आजी खरी वेल्श होती. ती लोणी काढायची आणि चॅपलला जायची. तिने मला दीक्षा दिली ती न सांडता दूध आणायची."

परत आल्यावर ती गावोगावच्या म्हाताऱ्यांकडून ऐकत हिंडली, आणि अ‍ॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाऊन बसायला लागली. कूर्ट-अ-कॅडनोच्या जॉन हॅरीस या नामांकित जाणत्याचे कागद तिथे आहेत. हॅरीस १८३९ मध्ये वारला. म्हणतात की आपण अमुक दिवशी अपघाताने मरणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो दिवस अंथरुणातच काढला. रात्री घराला आग लागली, विझवायला शिडीवर चढला आणि पडून मेला. मामगीला त्याच्या जादूपेक्षा त्याची बिलं प्रिय. थकबाकीदाराला तो लिहून पाठवायचा की रक्कम न आल्यास वसुलीसाठी 'प्रतिकूल उपाय' योजले जातील. जाणत्या माणसाकडून असं पत्र आल्यावर कोण थांबेल!

पेठेतला

मग तीही शाप वगैरे द्यायची का? विचारून ठेवतो, सोसायटीत एक पार्किंगचा प्रश्न आहे.

गवताळ

@पेठेतला, नाही. तुमच्यासारखे यायचे, त्यांना ती सांगायची, "त्यासाठी उत्तरेला जा, उशीर झालाय फक्त." कॉल्विन बेजवळ एलियन संताची विहीर होती. एकोणिसाव्या शतकात तिथे शत्रूचं नाव विहिरीत टाकायचे. टाकायला पैसे. आणि ज्याचं नाव पडलंय तो घाबरून आला की काढायचेही पैसे. १८२९ मध्ये विहीर मोडली. तरी तिथला माणूस धंदा चालवतच राहिला आणि तुरुंगात गेला. मामगीचं मत, इतका शुद्ध व्यापार पुन्हा झाला नाही.

तांबडी_माती

ती गेली कधी? लेखात 'होती' आलंय म्हणून विचारते. नको असेल तर राहू द्या.

गवताळ

सांगते, पण आधी तिच्या पहिल्या मरणाचं.

३१ ऑक्टोबरच्या रात्री, म्हणजे त्यांच्या हिवाळ्याच्या पहिल्या रात्री, मोठी होळी पेटवतात. घरातल्या प्रत्येकाने पांढऱ्या दगडावर खूण करून तो आगीत टाकायचा. होळी विझताना धावत घर गाठायचं, कारण बिनशेपटीची काळी डुकरीण मागच्याला धरते. सकाळी राखेत दगड शोधायचे. ज्याचा सापडला नाही तो वर्षभरात जाणार. हे हेन.

२००८ मध्ये माझा दगड सापडला, कुत्र्याचा सापडला (हो, त्याचाही), तिचा नाही. तासभर राख चिवडली. मी रडकुंडीला. ती एकदम खुशीत. त्याच दुपारी मृत्युपत्र काढलं, हंस शेजाऱ्याला देऊन टाकले, लायब्ररीची पुस्तकं परत केली, आणि गेली चाळीस वर्षं ज्या चुलत बहिणीशी अबोला होता तिला फोन करून भांडण पुरं केलं. मिटवलं नाही, पुरं केलं.

मार्चमध्ये मी लीक उपटत होते. लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा दांडगा भाऊ, त्यांची राष्ट्रीय भाजी. मुळांत पांढरा दगड, वर तिची खूण. आम्ही दगड शोधायच्या आधीच तिने होळीच्या कडेची गार राख भाजीला घातली होती, त्यातून गेलेला. मी पळत आत गेले. तिने तो उलटसुलट करून पाहिला, म्हणाली "श्शी", आणि दोन वेगळे गमबूट चढवून हंस परत मागायला गेली. शेजारी देईना. सहापैकी चारच मिळाले. त्यावरून मरेपर्यंत धुसफूस.

मरेपर्यंत म्हणजे २०१५ पर्यंत. मी तेव्हा भारतात परतले होते. फेब्रुवारीत झोपेत गेली. भाच्याने चॅपलमध्ये रीतसर सगळं केलं. त्याला तिचं हे प्रकरण कधी आवडलं नाही. वह्यांचं काय झालं हे मी विचारलं, त्याने उत्तर दिलं नाही, मी पुन्हा विचारलं नाही.

मला सर्वांत जास्त चुटपूट वेगळ्याच गोष्टीची आहे. नॅन्टीओसचा प्याला म्हणून एक लाकडी वाडगा आहे. अ‍ॅबरिस्टविथजवळच्या एका वाड्यातला. रोगी त्यातून पाणी प्यायला घरी घेऊन जायचे आणि तारण म्हणून घड्याळ नाहीतर पैसे ठेवायचे. लोकांनी चावून चावून तो आता अर्धाच उरलाय. २०१४ मध्ये चोरीला गेला. मामगीने मला पत्र लिहिलं: "तारण न ठेवता नेला, म्हणजे गुण येणार नाही." २०१५ च्या जूनमध्ये सापडला. चार महिन्यांनी हुकली. आता राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, काचेत, तिच्या नेहमीच्या टेबलापासून फार लांब नाही.

खडीसाखर

चार महिने. छे.

आणि दार? शब्दांचं दार?

गवताळ

घर विकलं तेव्हा भाच्याने मेल केला. नवीन मालक रंग देणार आहेत, दारावर काहीतरी तुमच्या लिपीत आहे, फोटो हवा का. हवा म्हटलं. फोटो हललेला. 'चकली' दिसते, 'पागोळी', 'उंबरा', 'हुरहुर' (याच्यासाठी मला मलम शिकवलं होतं), 'आगाऊ'. सगळं रोमन अक्षरांत, तिच्या हाताने. माझी देवनागरी तिने कधी शिकली नाही, आकड्यांपलीकडे.

पण सगळ्यात खाली, कडीजवळ, एक शब्द देवनागरीत आहे. अक्षरं वेडीवाकडी, शिरोरेघ आधी मारून मग खाली अक्षरं लटकवलेली. माझ्या आईची पत्रं यायची, त्यांच्या शेवटी आई हटकून "मामगींना नमस्कार" लिहायची. तिथूनच उतरवला असणार.

'मामगी'. आणि पुढे एन.

प्रश्नचिन्ह

नेवीद. बरोबर आहे खूण.

मामाच्या गोष्टीवर मी ठाम आहे. पण लिहीत राहा.

अनुस्वार

@गवताळ, शिरोरेघ आधी मारून अक्षरं लटकवणं ही कितीतरी मराठी मास्तरांनाही जमलेली गोष्ट नाही हो.

पेठेतला

म्हणजे आता धागाकर्तीलाही एक वेल्श आजी आहे. बारावी.

गवताळ

@पेठेतला, हाहा. हो. पण भाड्याची. तसं स्पष्ट लिहिते.

तांबडी_माती

पुढच्या वर्षी भावाकडे लिव्हरपूलला जायचंय. ट्रेगॅरनला कसं जायचं? रेल्वे आहे का?

कार्डिफकर

होती. १९६५ मध्ये बंद झाली. अ‍ॅबरिस्टविथपर्यंत रेल्वेने या, पुढे बस. रविवारी भरवसा ठेवू नका. गावाजवळच्या दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट केली आहे, फिरता येतं, डोक्यावर लाल घारी असतात.

गवताळ

आणि गमबूट न्या. डावा खरंच जास्त भिजतो. वाटेचा उतार त्या बाजूला आहे, मला तिसऱ्या वर्षी कळलं.